ट्रेमधलं कुंकू

विजयमालाबाई रोज तरसालीहून स्कूटीवर बडोद्यातल्या मकरपुऱ्याला येत. आमच्या छोट्या कारखान्यात अकरा वर्षं त्या सूक्ष्मदर्शकाखाली केबल तपासत होत्या. कागदासारख्या पातळ, हव्या तशा वळणाऱ्या केबल, अणूहून सूक्ष्म कण टिपणाऱ्या सिलिकॉनच्या शोधकांना जोडायच्या. टोकांना सोन्याचा मुलामा दिलेले ठिपके असतात. परदेशातल्या प्रयोगशाळेत त्यांवर केसाहून बारीक तारा चिकटवतात. ठिपक्यांवर वाफही बसू नये म्हणून बाई श्वाससुद्धा मान वळवून सोडत. आम्ही त्यांची यथेच्छ थट्टा करत असू. त्यांना मात्र त्या खुर्चीचा भारी अभिमान होता. "माझ्या नजरेखालून गेल्याशिवाय एकही केबल बाहेर जात नाही," असं त्या सुनेलाही ऐकवत.

मी समरजित, त्यांचा सुपरवायझर. आमचे पणजोबा बडोद्याच्या फौजेत शिलेदार होते, म्हणून खंडेनवमीची पूजा माझ्याकडे. त्या वर्षी यंत्रांना कुंकू लावून झालं. परदेशी जाणारा केबलचा ट्रे तपासून तयार होता. बाई म्हणाल्या, "समरजितभाऊ, ट्रेला नको हं." त्या जेवायला गेल्या आणि माझी रग जागी झाली. एवढं मोठं काम, त्यालाच पूजा नाही? चिमूटभर कुंकू टाकलं. मग भीती वाटली, म्हणून फुंकर मारून उडवलं, रुमालानं पुसलं. वर पॅकिंगही मीच केलं. शिलेदाराचा पणतू!

दोन महिन्यांनी ट्रे परत आला. ठिपक्यांवर घाण, तारा चिकटत नाहीत. शेठनी बाईंना बोलावून तपासणीचा कागद पुढे धरला. "बेन, आ तमारी सही छे ने?"

"हो, सही माझीच आहे," बाई म्हणाल्या. मी शेजारी उभा होतो. कुंकवाचं नाव मी काढलं नाही. त्याच दिवशी त्यांना खोके चिकटवायच्या टेबलावर बसवलं. पुढचे दहा महिने मी त्यांच्या समोरून खाली मान घालून जात राहिलो. लाज वाटायची आणि ती लपवायला मी उगाच इतरांवर खेकसायचो.

पुढच्या खंडेनवमीला त्यांनीच हळदकुंकवाचं ताट माझ्या हातात दिलं. "यंत्रांना लावा, भाऊ. ट्रे मी झाकून ठेवलेत."

मी विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"परत आलेल्या ट्रेच्या खाचेत कुंकू होतं ने."

"मग त्याच दिवशी शेठना का नाही सांगितलं?"

त्या ताटातलं निरांजन सरळ करत म्हणाल्या, "वाट पाहत होते, तुम्ही सांगाल म्हणून."