खंड्याला मारलेली हाक

अशा गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. हा अनुभव तर बायकोलाही सांगितलेला नाही... इथे मला कुणी ओळखत नाही, म्हणून लिहितोय.

बाबा गेल्यावर आईला निपाणीजवळच्या गावाहून बेंगळुरूला आणलं. राजाजीनगर, दुसरा मजला. आम्ही नवरा-बायको दिवसभर ऑफिसात. आईला कन्नड यायचं ते बाजारापुरतं. गॅलरीतून तिनं "यू यू यू" केलं की खालचं एक भटकं कुत्रं मान वर करून लांब सूर काढायचं. आईनं त्याचं नाव ठेवलं खंड्या. "हितं माझी बोली कळणारा त्यो एकटाच," म्हणायची.

बिल्डिंगमधून तक्रारी आल्या. मी वाद घातला नाही. एका सकाळी आई आंघोळीला गेल्यावर खाली उतरलो, तिच्यासारखंच "यू यू" केलं — आणि तो शेपूट हलवत रिक्षात चढला. पाच-सहा किलोमीटर लांब, चिकपेटच्या बाजारातल्या एका गल्लीत त्याला सोडून आलो. आईला सांगितलं, मित्राच्या फार्मवर दिलाय.

तरी ती संध्याकाळी गॅलरीतून हाक मारायची, कान देऊन थांबायची, मान डोलवायची. मला ट्रॅफिकशिवाय काही ऐकू यायचं नाही. म्हटलं, वय झालं.

मग एकदा म्हणाली, "त्येच्या मागच्या पायाला लागलंय रं. आवाज बदललाय."

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून परस्पर चिकपेट गाठलं. खंड्या चहाच्या गाड्यापाशी बसला होता — मागच्या पायाला चिंधी बांधलेली.

"कल स्कूटर लगा, सार," चहावाला म्हणाला. "शाम को उधर मुँह करके रोता है. कितना भी बोलो, सुनता नहीं." त्यानं हात केला ती बाजू राजाजीनगरची.

मी खंड्याच्या डोक्यावरून हात फिरवला. तो धडपडत उठायला लागला... मला बिल्डिंगमधली माणसं आठवली. मी मेट्रोकडे चालू लागलो.

घरी पोचलो तेव्हा आई गॅलरीतून आत येत होती.

"गेल्तास न्हवं? डोक्यावरनं हात फिरवलास म्हणं. मग आणलं का न्हाईस?"

"कुठं? ऑफिसात होतो मी."

"बरं."

त्यानंतर तिनं गॅलरीतून हाक मारली नाही. माझ्याशीही कामापुरतंच बोलायची, शेवटपर्यंत. एवढ्या लांबून, एवढ्या गोंगाटातून त्या दोघांमध्ये काय पोचत होतं, मला आजही सांगता येत नाही. चिकपेटला मी पुन्हा गेलेलो नाही.