मिलिंदचा घाबरट हीरो

मिलिंद गेल्याची बातमी मला कुणी सांगावी लागली नाही. मी दहा पावलांवर उभा होतो. दीड महिना झाला, पण चाकणच्या कारखान्यातल्या त्या शेडमध्ये अजून मी ती जागा टाळून, वळसा घालून जातो.

वेल्डिंगच्या रोबोटभोवती जाळीचा पिंजरा असतो. आत दुरुस्तीला जाणाऱ्याने मेन स्विचला स्वतःचं कुलूप लावायचं आणि किल्ली खिशात ठेवायची, म्हणजे बाहेरून कुणी मशीन सुरू करू शकत नाही, हा नियम. आम्ही तो कागदावरच पाळायचो. दोन मिनिटांचं काम असेल तर एक जण बाहेर उभा राहिला की झालं. मिलिंद मात्र दर वेळी कुलूप लावायचा. आम्ही त्याला घाबरट म्हणायचो. तो हसायचा. "आहेच राव मी घाबरट. म्हणून तर दहाही बोटं शाबूत आहेत."

सुट्टीच्या दिवशी काळेवाडीतल्या खोलीत बसून तो कॉमिक्स काढायचा. लहानपणी आम्ही वाचलेला, केप फडकवत आकाशातून झेपावणारा हीरो त्याने शंभर वर्षं पुढे आणला होता, माणसं जवळपास संपलेल्या चाकणमध्ये. केप काढून घेतली, उडणंही काढून घेतलं. शक्ती एकच ठेवली: धोका दिसायच्या आधी त्याला भीती वाटायची.

"भिणारा कसला रे हीरो?" मी चिडवायचो.

"भावा, न भिणारे आधी मरतात. मग लोकांना वाचवणार कोण?"

त्या दिवशी लाइन बंद पडली होती, वरून घाई चालली होती. तो कुलूप आणायला लॉकरकडे निघाला... मीच म्हणालो, "अरे, मी आहे ना बाहेर. जा तू." तो आत गेला. माझा फोन वाजला आणि मी बोलत बोलत बाजूला गेलो. तेवढ्यात दुसऱ्या शिफ्टचा ऑपरेटर आला, आत कुणी नाही असं समजून त्याने बटण दाबलं.

चौकशीत मी लिहून दिलं, मिलिंदने कुलूप लावलं नव्हतं. खोटं नव्हतंच ते. पण त्याच्या घरी जायचं टाळत राहिलो. फोनवर त्याच्या बायकोचं, वहिनींचं नाव दिसलं की फोन उलटा ठेवायचो.

मागच्या रविवारी त्यांनी बोलावूनच घेतलं. त्याची शेवटची वही माझ्या हातात दिली. हीरो पिंजऱ्यात शिरतोय, आणि दाराशी एक माणूस पहारा देत उभा आहे.

"भाऊजी, हा दाराशी उभा आहे तो माणूस तुम्हीच ना? हे म्हणायचे, हा बाहेर उभा असला की माझ्या हीरोला भीती वाटत नाही."

मी वही मिटली.

"हो, मीच," मी म्हणालो. "पण वहिनी, त्या दिवशी मी जागेवर नव्हतो."