फार्महाऊसवर गेलेला मस्का

प्राण्यांच्या डॉक्टरला किस्से गोळा करावे लागत नाहीत. कुत्र्याचे केस कपड्यांना चिकटतात तसे ते चिकटतात आणि धुतले तरी जात नाहीत. लग्नाच्या पंगतीत कुणीतरी हमखास म्हणतं, "सांग गं एखादा, तुझ्याकडे काय, रोजच कॉमेडी!" मी सांगते, मंडळी हसतात. मला मात्र सांगतानाही संताप येतो. आज एकट्या मस्काचे सांगते. हसायचं तर हसा.

*

विरार पूर्वेला फुलपाड्यात माझा दवाखाना आहे. सावंत नावाचे गृहस्थ एक पिल्लू घेऊन आले. पांढरंशुभ्र, एका कानावर तपकिरी ठिपका. नाव मस्का, जात जॅक रसेल टेरियर. ऑफिसातल्या साहेबांच्या बंगल्यावर तसा कुत्रा पाहिला होता, म्हणून तुळिंजच्या एका कुत्री विकणाऱ्या एजंटकडून आणलेला.

"आमचा वन बीएचके ना मॅडम, म्हणून मुद्दाम छोटा घेतला."

"एजंट काय म्हणाला?"

"म्हणाला, सोफ्यावर ठेवा, शोपीससारखा बसून राहील."

त्या एजंटला या जातीच्या पिल्लाबरोबर एक दिवस खोलीत कोंडून ठेवावं, असं मला फार वाटतं. संध्याकाळी बसायला सोफा उरला तर बघू.

*

सोफा गेलाच. सावंत तणतणत आले. "हा वेडा आहे मॅडम. दिवसभर उकरत असतो."

मी त्या जातीचा इतिहास सांगितला. इंग्लंडात एका पाद्र्याला शिकारीचा नाद होता. कोल्हा बिळात शिरला की मोठे कुत्रे बाहेर नुसते भुंकत राहायचे. म्हणून त्याने बिळात मावेल असा बुटका आणि कोल्ह्यापुढे मागे न हटणारा कुत्रा तयार केला. दिसायला खेळणं, पण डोकं शिकाऱ्याचं. उकरणं हा त्याचा वेडेपणा नाही, तो त्याचा धंदा आहे.

"पण चौथ्या मजल्यावर कोल्हा कुठून येणार?"

"ते तुम्हाला माहीत. त्याला कोण सांगणार?"

बाकावर पाटीलकाका शेळी घेऊन बसले होते. वसईच्या खाडीकाठी त्यांची भातशेती आहे. ते म्हणाले, "याला माज्या बांधावर सोड. उंदरां संपवंल सगली."

सावंतांनी नाक मुरडलं. "काका, जातिवंत आहे तो."

*

मी बजावलं होतं, सकाळ-संध्याकाळ दमेस्तोवर पळवा. खोक्यात जुनी फडकी भरा, त्यात खाऊ लपवा, उकरू दे हवं तेवढं. कामाला लावलात तर याच्यासारखा गुणी कुत्रा नाही. सावंतांनी मान डोलावली आणि मस्काला गॅलरीत बांधून ठेवलं. मग तो भुंकणार नाही तर काय भजन म्हणणार?

सोसायटीचे सेक्रेटरी थेट माझ्याकडे आले. "डॉक्टर, भुंकणं बंद करायचं ऑपरेशन असतं म्हणे."

"असतं. पण आधी तुमच्या गणपतीतल्या डीजेचं करू."

ते चिडून गेले आणि मस्काला लिफ्ट बंद केली. झालं काय, तर दिवसातून कितीदा तरी चार मजले चढउतार! मस्का असा दमायचा की घरी येऊन गपगार झोपायचा. सोफ्याच्या नव्या कव्हराला ओरखडा नाही, शेजाऱ्यांची तक्रार नाही. जे माझ्या सांगण्याने झालं नाही ते शिक्षेने झालं.

मग सेक्रेटरींनी पाहिलं, कुत्रा जिन्यात शेपूट उडवत, आनंदाने धावतोय. त्यांनी बंदी उठवली. पुन्हा लिफ्ट, पुन्हा गॅलरी, पुन्हा भुंकणं. कपाळ बडवून घ्यावं अशी माणसं असतात.

*

श्रावण लागला. सावंतांच्या आईने फर्मान काढलं, घरात अंडंसुद्धा येणार नाही. मस्काला दूधभात, सोमवारी तर साबुदाण्याची खिचडी. त्याचं पोट बिघडलं.

"अहो मावशी, कुत्र्याला कसला उपास?"

"आमच्या घरात राहायचं तर आमच्यासारखं राहायला हवं."

मस्काने त्यातलं अर्धंच ऐकलं, 'आमच्या घरात राहायचं' एवढंच. श्रावणी सोमवारी आई पूजेला बसल्या आणि उघड्या दारातून निसटून त्याने सोसायटीच्या गटारातला चांगला जाडजूड उंदीर मारून आणला. घरातल्या सगळ्यांत मानाच्या जागी, म्हणजे देव्हाऱ्यापुढे, बेलाच्या पानांशेजारी नीट ठेवला आणि शाबासकीची वाट बघत बसला.

शाबासकी चपलेने मिळाली.

*

लसीच्या पुढच्या डोसला मस्का आलाच नाही. फोन केला तर सावंत म्हणाले, "मित्राच्या फार्महाऊसवर दिला मॅडम, मनोरच्या पुढे. मोकळं रान आहे."

विरारमधून जेवढे कुत्रे फार्महाऊसवर गेले म्हणून मला सांगतात, तेवढी फार्महाऊसं अख्ख्या पालघर जिल्ह्यात नसतील. मित्राचा नंबर मागितला. पाठवतो म्हणाले. तो कधी आला नाही.

*

भात कापणीला आला तेव्हा पाटीलकाका आले. शेळी नव्हती. टॉवेलात चिखलाने माखलेलं काहीतरी होतं.

"बांधावर खेकड्यांची बिलां उकरीत व्हता, बाय. पाय कापलाय त्याचा."

मी चिखल धुतला. कानावरचा तपकिरी ठिपका दिसला. गळ्यातला पट्टा काढून घेतलेला होता. बरगड्या हाताला लागत होत्या.

मी पायाला पट्टी बांधली. मग फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला आणि सावंतांना लावला.

"सावंत, मस्का कसा आहे?"

"एकदम मजेत मॅडम. कालच मित्राने व्हिडिओ पाठवला. दिवसभर पळतो. आम्हाला विसरलासुद्धा."

आवाज ऐकताच मस्का धडपडत उठला. फोनला नाक लावून त्याने हुंगलं आणि पट्टी बांधलेल्या पायाने फोन उकरायला लागला. फोन सरकला की तो पुढे सरकायचा, पुन्हा उकरायचा. शेपूट थांबत नव्हतं.

"हॅलो? मॅडम, आवाज कसला येतोय?"

पाटीलकाकांनी मस्काला उचलून छातीशी धरलं.

"चल रे बाबा," ते म्हणाले, "त्या बिलात कोन नाय."