पायाखालचा चॅनल

आमच्या घरात वाद्याला पाय लागला की त्याला हात लावून तो कपाळाला लावायचा. हे दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, शिकवलं. त्यांच्याच भीमगीतांच्या पार्टीत मी पायानं वाजवायला लागलो, आणि ते लपवून ठेवलं.

पार्टी कंधारची. दादा पेटीवर, गाणारेही तेच. ढोलकीवर मामा, गिटारवर मी, मागं कोरस. भर गाण्यात कुणीतरी बक्षिसाची नोट घेऊन मंचाशी येतो, निवेदक त्याचं नाव पुकारतो. तेवढा वेळ वाद्यांनी खाली यायचं, नाव संपलं की कडव्यावर उसळायचं, ही आमच्याकडची रीत. माझ्या अ‍ॅम्पला, म्हणजे गिटारच्या आवाजाच्या खोक्याला, दोन चॅनल, एक साफ, एक गुरगुरणारा. बदलायला मागं वळून बटण दाबावं लागे, तोवर तारा मुक्या. म्हणून हैदराबादहून जुना मिडी फूट कंट्रोलर आणला. जमिनीवर ठेवायची पट्टी, तिच्यावर बटणं. एक दाबलं की चॅनल, आवाज, घुमारा, सगळं एकदम बदलायचं.

"हे काय रे?" दादांनी विचारलं.

"करंट सांभाळायची पट्टी," म्हणालो आणि वर रुमाल टाकला.

मंचावर आम्ही अनवाणीच चढतो. रुमालावरून अंगठ्यानं चाचपडत मी कितीतरी कार्यक्रम काढले.

लातूरला पाणी रेल्वेनं यायचं, त्या उन्हाळ्यात उदगीरला जयंतीचा कार्यक्रम होता. आधी नव्या जिल्ह्याच्या मागणीवर भाषणं झाली, लई लांबली. मग दादांनी बाबासाहेब गेल्याचं संथ गाणं धरलं. माणसं डोळे पुसत होती. रुमाल सरकला, अंगठा भलत्याच बटणावर पडला आणि अ‍ॅम्प ट्रॅक्टरसारखा गुरगुरला.

दादांनी गाणं पुरं केलं. मग उठून आले आणि रुमाल उचलला.

"वाद्य पायानं वाजवून राहिलास?"

"वाद्य हातातच हाय, दादा. पायानं फक्त चॅनल बदलतो."

"दाजी, पायपेटीवाले न्हाई का पाय मारत?" मामा म्हणाले.

"ते भात्याला पाय देतात, सुराला न्हाई. पाव्हणं, तुम्ही ढोलकी बघा."

मी घरात फारसा बोलणारा नव्हे. त्या दिवशी बोललो. "दादा, विटाळ सोडून आपल्याला दोन पिढ्या झाल्या. माझ्या पायाचा तेवढा कशाला ठेवला?"

ते पेटीकडं वळले. मग म्हणाले, "पुढच्या गाण्याला ती पट्टी काढ. न्हाई तर मी पेटी बंद करतो, कायमची."

"ऐक की रे, आजच्यापुरतं," मामा कुजबुजले.

मी रुमाल खिशात घातला. पट्टी तिथंच ठेवली.

पुढच्या गाण्यात निवेदकानं निलंग्याच्या कुणाचं नाव घेतलं, मी साफ चॅनलवर उतरलो. नाव संपलं आणि सगळ्यांच्या देखत पाय दिला. दादांनी भाता मिटला, खिटी लावली. मंचाचा मान म्हणून शेवटपर्यंत मांडीवर हात ठेवून बसले, गायले नाहीत. कोरसनं गाणं ओढलं, पोरं नाचत राहिली. पेटी थांबली हे खाली कुणाच्या लक्षातही आलं नाही. ते मला अजून सलतं.

दादा पुन्हा मंचावर चढले नाहीत. गळा बसलाय, असं मी लोकांना सांगत सुटलो. दादांनीही मला कधी खोटं पाडलं नाही. विचारणाऱ्याला म्हणायचे, "हाव, बसलाय." या सगळ्या खोटेपणाची मला लाज आहे. पायाची नाही.

यंदा दादांना जयंतीत गायला बोलवायला घरी आलेल्या लोकांसमोर सांगून टाकलं, "गळा ठणठणीत हाय. मी पट्टी काढली न्हाई, म्हणून दादांनी पेटी बंद केली."

दादा बाजेवर बसले होते. "आता तरी काढलीस का?"

"न्हाई."

"मग मी बी न्हाई येत," ते म्हणाले, आणि आत बघून ओरडले, "चहा टाका गं, पाव्हणे बसलेत."