अंगठ्यापुढं नाव न्हाई

दुष्काळात आमी बौद्धवाड्यातल्या बाया रस्त्याच्या कामावर खडी फोडायचो. पाण्याचा रांजण एकच, पण आमाला वरून ओंजळीत पाणी टाकायचे. एक दिवस माह्या धाकट्या जावंनं सोताच तांब्या बुडवला, तर मुकादमानं काठीनं तिचा हात मोडला.

मी घरोघर फिरले. मास्तराकडून अर्ज लिहून घेतला, त्यावर समद्या बायांनी अंगठे दिले अन् आमी चालत तालुक्याला गेलो.

कारकून म्हणला, "मावशी, कोणता अंगठा कोणाचा? पुढं नावंच न्हाईत."

मी म्हणलं, "बाया समोर उभ्या हायेत की. इचारा."

"कागदावर पायजे. परत लिहून आणा."

आमाला कुठं माहीत, नावं लागतात म्हणून?

गावात आलो तवर मुकादमाला कळलं व्हतं. तालुक्याला जाईल तिला काम बंद, म्हणला. दुसऱ्या अर्जाला माह्यासकट तिघीच उरलो. बाकीच्या म्हणल्या, "अक्का, लेकरं उपाशी मरतील." त्यांना काय बोलू? पण तो पहिला कागद वाया गेला, त्याचा राग अजून जात न्हाई.

जाव म्हणली, "माझाबी अंगठा घ्या, डाव्या हाताचा."

नावासकट चार अंगठे घेऊन आमी परत निघालो.