जातीचं कलम

"नाव?" सांगितलं.
"गाव?" सांगितलं.
"जात?"
"मांग."
जुन्या जेलच्या फाटकात रजिस्टर लिहिणारा रायटर. तोही कैदीच, पण खुर्चीत बसलेला. मान वर न करता म्हणाला, "इसको संडास में डालो."

माझ्यासोबत लिंबायत वस्तीतला एक पाटील होता. आमचा कापडाचा कारखाना एक, केसही एक. जेवायच्या सुट्टीसाठी आम्ही लूम बंद पाडले, शेठनं मशीन तोडल्याची तक्रार दिली. पाटलाला स्वयंपाकघर मिळालं. मला खराटा.

इंग्रजांनी बांधलेली जेल. भिंती हातभर जाड, खिडक्या पार छताजवळ. माणसं इतकी कोंबलेली की कूस बदलायची तर शेजाऱ्याला उठवावं लागे. एक म्हातारा कैदी मोठ्या अभिमानानं सांगायचा, "इथं स्वातंत्र्यवाले ठेवले होते."
मी विचारलं, "त्यांचे संडास कोण काढायचं, काका?"
म्हाताऱ्यानं शेजाऱ्याला उठवलं आणि कूस बदलली.

मुलाखतीला आई आली. जाळीपलीकडून म्हणाली, "आठे तुले काय काम देतस रे?"
"बागेत पाणी घालतो."
तिला बरं वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा आईशी खोटं बोललो होतो. या जेलवाल्यांनी बोलायला लावलं.

पुढच्या आठवड्यात जज्जबाई पाहणीला येणार होत्या. सकाळीच शिपायांचा जमादार ओरडला, "चल, चकाचक कर." मी खराटा खाली टाकला. त्यानं कानफटात मारली. खराटा उचलला नाही. बाई बराकीत शिरल्या तसा पुढं झालो.
"मॅडम, मेरे पर लूम तोडने की कलम है. जात की कौन-सी कलम है?"
सोबतच्या जेलर साहेबाचं तोंड उतरलं. बाईंनी रजिस्टर मागवलं. संडासाच्या कामाला सगळी आमचीच नावं. बाईंनी ती एकेक करून मोठ्यानं वाचली.

त्या गेल्या आणि मला अंधारकोठडीत टाकलं. सहा दिवस. बाहेर आलो तेव्हा संडासाच्या कामाला सगळ्या जातींच्या पाळ्या लावल्या होत्या. पाटील नाकाला फडकं बांधून संडास धूत होता. माझ्याकडे बघेना. नको बघू.

आता जामिनावर आहे. जेलमधून सुटलेला कुणी वस्तीत आला की त्याच्या घरी जातो. विचारतो, आत काय काम दिलं? कुणी दिलं? काय विचारून दिलं? तो सांगतो, मी कोर्टाला अर्ज लिहितो. लोक म्हणतात, तुझी केस अजून चालू आहे, पुन्हा आत टाकतील.
टाकू देत. आतूनही लिहीन.