राखणीला गेलेले हंबीरराव

आष्ट्याच्या हंबीररावांनी तोफखान्यात चोवीस वर्षं काढली आणि दोन्ही कान तिथंच ठेवून आले. कुणी ओरडून सांगितलं तर चार शब्द कळायचे. बाकी सारं ते समोरच्याच्या ओठांवरून ओळखत, पण ही गोष्ट त्यांनी घरात कुणालाच कळू दिली नव्हती. मुळात माणूस संशयी. म्हाताऱ्याला ऐकू येत नाही म्हणून सून मंगल त्यांच्यासमोरच त्यांच्याविषयी वाट्टेल ते बोले, आणि हे भाकरी चावत तिच्या तोंडाकडं बघत बसत.

पण गेले पंधरा दिवस नात अंकिता फोन आला की पाठ फिरवून बोलू लागली होती. तिथंच त्यांचं डोकं फिरलं. त्यात ती म्हणाली, सांगलीला कॉलेजच्या मैदानावर रॉक कॉन्सर्ट आहे, मैत्रिणीबरोबर, रेश्माबरोबर जाते. गिटार वाजवणाऱ्याचं नाव दिग्विजय. हंबीररावांनी ताडलं, पोरगी ह्याच्याबरोबर पळणार.

"मीबी येतो."

"आवं आबा, तुमाला काय ऐकू येणार तितं?"

"दिसतंय तर न्हवं!"

फाटकावर रखवालदारानं त्यांची चुन्याची डबी काढून घेतली, तेव्हाच इथं काहीतरी काळंबेरं असल्याची त्यांची खात्री पटली. स्टेजवर धूर निघाला तरी पोरं पळायचं सोडून नाचू लागली. मग ड्रम सुरू झाला आणि त्यांच्या छातीत धडाधड आदळू लागला. कितीतरी वर्षांनी आवाज असा पोचला होता. त्यांना बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचाही राग आला.

दिग्विजय गिटारीवरून मान वर करेना. म्हणून त्यांनी नजर अंकिताकडं वळवली. ती मैत्रिणीला काहीतरी सांगत होती. गोंगाटात रेश्माला ऐकू येईना, तेव्हा अंकिता एकेक शब्द सुटा करून ओरडू लागली. स्टेजचा उजेड तिच्या तोंडावर होता.

"बेंगळूरची नोकरी न्हाई घेत मी. उद्या कळवणार. आबांना सोडून कशी जाऊ? घरात त्यांच्याशी बोलणारं हाय कोण?"

पंधरा दिवस पाळत ठेवली आणि निघालं ते हे! हंबीररावांना स्वतःची लाज वाटली. त्यांनी तिचा दंड धरून तिला आपल्याकडं वळवलं आणि सांगितलं, पण आता तिलाच काही ऐकू येईना. छातीतली धडधड थांबली, गाणं संपलं, तेव्हा ते पुन्हा म्हणाले, "बेंगळूरला जा."

अंकितानं डोळे बारीक केले. "कुणी सांगितलं तुमाला? आईनं?"

"कुणी न्हाई. मला ओठांवरनं समदं कळतं. धा वर्सं झाली."

अंकिताचा चेहराच उतरला. दहा वर्षांत त्यांच्या तोंडासमोर घरात कोण काय बोललं, ते तिला एकेक करून आठवू लागलं.

"व्हय, तुझंबी हाय त्यात," हंबीरराव म्हणाले. "तरीबी सांगतो, जा."